बी बाजूवरची शांतता

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार. सकाळी ६.
संकल्प. गोंडपिपरीजवळच्या एका गावातल्या सतरा मुलांना मी इंग्रजी शिकवणार. चंद्रपूर न सोडता, कॅसेटवरून. कमला नऊ वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला होती, आता त्याच गावी, माहेरी, बालवाडी चालवते. घरातल्या दोनपैकी एक टेपरेकॉर्डर मीच तिला दिला. माझ्या मुलाचा, भूपेशचा आहे. पुण्याला जाताना त्याने नेला नाही. तसं बरंच काही नेलं नाही.
एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेत. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची. चार-पाच वर्षांच्या पोरांचं काय मोठं! सव्वीस जानेवारीला सतराच्या सतरा मुलं इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतील. शेजारच्या इंदुताईंना सांगूनही टाकलं. त्या हसल्या.
दुपारी रेकॉर्डिंग. नाहीतरी मला दुपारी झोप येत नाही. घर फार शांत असतं.

५ नोव्हेंबर.
धडा पहिला तयार. सुरुवात खणखणीत : "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. सिट स्ट्रेट." पुढे अर्धा तास उच्चार, एकेक दहादा, कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी आम्हाला शिकवले तसे. गाणी, टाळ्या, माकडचेष्टा नाहीत. धडा संपला की कमलाने कॅसेट उलटायची आणि बी बाजूवर मुलांची उत्तरं भरायची.
मध्येच गफ्फार दूधवाला खिडकीतून म्हणाला, "मॅडम, रोज कोनासंगं बोलता? घरात तं कोनी दिसत नाई." म्हटलं, सतरा जण आहेत. वाकून बघायला लागला. सगळं पुसून पुन्हा.

९ नोव्हेंबर.
कॅसेट एसटीचे कंडक्टर उमाजीभाऊ यांच्या हवाली. "बाई, गाणे आहेत का? गाडीत लावून पाहू?" असं विचारण्याची हिंमत. मी नुसतं पाहिलं. कॅसेट खिशात गेली.

१४ नोव्हेंबर. बालदिन.
बी बाजू आली! अर्धा तास संपूर्ण शांतता. एक कोंबडी, बाकी काही नाही. शेवटी कमला, अगदी कुजबुजत : "बाई, एक बी पोरगं हालून नाई राह्यलं." पहिल्याच धड्याला! उत्तरं आली नाहीत, पण विचार चालू असणार. घाईने उत्तर देणारी मुलं मला कधीच आवडली नाहीत.

२९ नोव्हेंबर, रविवार.
भूपेशचा फोन. त्याला तिसऱ्या आठवड्याची प्रगती सांगितली. "आई, जरा पटकन," म्हणाला. चार मिनिटं. बी बाजू तीस मिनिटांची असते.
कमलाची चिठ्ठी : खिचडी झाली की टेप लागते. उत्तम. भरल्या पोटी लक्ष लागतं.

१२ डिसेंबर.
इंदुताईंना बी बाजू ऐकवली. त्या म्हणाल्या, "अहो, हे कोणीतरी घोरतंय." म्हटलं, सर्दी आहे कोणाला तरी. "आणि हे दुसरं?" तीच सर्दी, संसर्गजन्य असते. त्या चहा न पिता गेल्या. ज्यांनी कधी वर्ग घेतला नाही त्यांना एकाग्रतेचा आवाज काय कळणार?
निलगिरीचं तेल उमाजीभाऊंकडे पाठवलं.

१ जानेवारी १९९९.
नव्या वर्षाचे संकल्प : १. आवाज आणखी ठाम. २. इंदुताईंशी बोलणं नाही. ३. बी बाजू आठवड्यातून एकदाच ऐकायची.

२ जानेवारी.
क्र. ३ रद्द. तपासणीसाठी रोज ऐकणं आवश्यक आहे.

२० जानेवारी.
कमलाचं आमंत्रण, कॅसेटवरच : "बाई, झेंड्याले या. पोराइले तुम्हाले पाहाचं आहे." सतरा मुलांना मला बघायचंय! निळी सिल्कची साडी इस्त्रीला दिली. इंदुताईंना सोबत नेणार. बघू देत. (क्र. २ सुद्धा रद्द.)

२६ जानेवारी. संध्याकाळ.
झेंडा झाला. बुंदीचे लाडू झाले. मुलं सतरंजीवर बसली, मागे आया उभ्या. मी उभी राहिले. "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन." धनराज नावाच्या मुलाने जांभई दिली. "सिट स्ट्रेट." सतराच्या सतरा मुलं आडवी झाली. उताणी, रांगेत, हात सरळ. डोळे मिटून.
आया पदर तोंडाला लावून हसल्या. इंदुताईंनी नाही लावला.
कमलाला बाजूला घेतलं. तिचा चेहरा उतरला. "बाई, खोटं नाई बोलली मी. हालत नाई म्हनलं, तं हालत नाई. आधी दुपारी एक पोरगं बी झोपे नाई. मायबाप रोजीवर, अन् हे तलावावर पळत. मागच्या साली एक जन पान्यात गेला होता, वाचला म्हनून बरं. आता तुमची टेप लागली का कोनी पळत नाई. बंद नका करू, बाई."
रिंकू म्हणून एक मुलगी आहे, अंगाला मासोळीचा वास. ती सतरंजीवरून सरकत सरकत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सिल्कची साडी. बस चुकली. पुढची दोन तासांनी होती.

२८ जानेवारी.
निर्णय पक्का. कॅसेट बंद. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा हा उपयोग! उमाजीभाऊंना निरोप दिला, आता काही नेऊ नका. ते म्हणाले, "काऊन बाई, तब्येत बरी नाई का?"

३१ जानेवारी, रविवार.
भूपेशचा फोन नाही. दुपारी अडीचला बी बाजू लावली, फक्त माझ्या पद्धतीत नेमकी चूक कुठे झाली ते शोधायला. कोंबडी. मग सतरा जणांचे श्वास.
जागी झाले तेव्हा साडेपाच वाजले होते. गफ्फार बेल वाजवून निघून गेला असावा. कोरा चहा घेतला. धडा बारावा उद्या भरीन. आवाज जरा हळू ठेवावा लागेल.