मागच्या डाव्या दाराची पट्टी

चौसाळा,
ता. १२ एप्रिल २०२५

सुनिता,

आईचा आशीर्वाद. मी धडधाकट हाय. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू दे. रविराव बरे असतील. माझ्या नातीच्या, शिवांजलीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं मिळाली. आईला पत्रिका पोस्टानं? अंबाजोगाईहून इकडं यायच्या एस.ट्या बंद पडल्यात का? म्हणून मीबी पोस्टानंच लिहिते. फोनवर मला नुसतं भांडता येतं. चौथी शिकलेलीचं अक्षर हाय, नीट लावून वाच.

तुझ्या बापाची अँबेसिडर शेडातून बाहेर काढली. भागवत मिस्त्रीनं इंजिन चालू केलं. पर चकाकीच्या पट्ट्या लई काळ्या पडलेल्या. मी म्हणलं, जलमभर देवाची भांडी घासली, ह्या पट्ट्या काय चीज हाय! चिंच घेतली, राख घेतली, मागच्या डाव्या दारापासून लागले घासायला.

भागवत ओरडत आला, "आजी, समई न्हाई ती! वरचा मुलामा जाईल!"

"मग मघाशी तोंडात काय विडा होता का तुझ्या?"

त्यानं सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद दिला. पाण्यात बुडवून हळू चोळायचा, गंज सुटतो. मग मऊ फडक्यानं पॉलिश. चार दिवस गेले. आता बंपरात माझ्या कपाळावरचं गोंदण दिसतं.

डाव्या दारावरचे ओरखडे तेवढे राहिले. भागवत म्हणला, नवी पट्टी टाकू. मी न्हाई म्हणलं.

तेच दार. ह्या घरातल्या समद्या लेकी त्याच दारानं आत बसून सासरी गेल्या. दुकानदाराचं पोरगं पसंत केलंस म्हणून तुझ्या वेळी मी गाडीला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली. तू पेटी उचलून स्टँडवर चालत गेलीस. तुझा बाप बोलला न्हाई, कारण मी बोलू दिलं न्हाई.

रविराव वाईट निघाले असते तर माझं खरं झालं असतं. निघाले न्हाईत.

शिवांजली ह्याच गाडीत बसून सासरी जाईल. पर गाडी मी पाठवणार न्हाई. किल्ली एकच हाय, ती फडक्यात गुंडाळून ह्या पाकिटात घातलीय. आता कुलूप काढायचं तर तूच ये. गाडी घेऊन जा. जाताना मी पुढं बसेन, मागं मला मळमळतं.

आन दाराला हात लावायच्या आधी पदराला पूस. बोटांचे डाग पडतात.

वाट बघत न्हाई, पर शेड उघडंच ठेवलंय.

तुझी आई,
छबुबाई