बाराव्याला कोणी आणलं

दि. ९ जानेवारी

चि. ढब्बूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या डोक्यावरचे केस गेले आणि हवालदार म्हणून अख्खा रस्ता तुला वचकून असतो, तरी माझ्या पत्रात तू ढब्बूच राहणार. नाक मुरडू नकोस.

तुला शौर्यपदक मिळणार ही बातमी मला समोरच्या औषधवाल्याकडून कळावी, याला काय म्हणावं? तो वर्तमानपत्र घेऊन दुकानात शिरला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीचं माप घेत होते. टेप त्याच्या दंडाला तसाच गुंडाळलेला ठेवून मी बातमी दोनदा वाचली. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली, हवालदार एकटे आत शिरले, बारा कामगारांना बाहेर काढलं, आणि बाराव्याला तर पाठीवर टाकून आणलं. इस्पितळात तीन आठवडे मी तुझ्या डोळ्यांत थेंब घालत होते, तेव्हा तू मला एवढंच सांगितलंस की थोडा वायू लागला.

आता मी गल्लीभर दवंडी पिटते आहे. लोक कपडे टाकायला कमी आणि तुझी गोष्ट ऐकायला जास्त येतात, आणि मीही दर खेपेला थोडं तिखटमीठ लावते. एवढं सगळं चालू असताना तुझं दोन ओळींचं पत्र आलं, की समारंभ एप्रिलमध्ये आहे, येण्याची दगदग करू नकोस. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कोणी पाठ थोपटतंय, आणि तू असं लिहितोस की जणू शिक्षाच झाली. डोळे पुन्हा दुखतात का? माझ्यापासून लपवून आजवर तुला काही पचलेलं नाही, तेव्हा खरं काय ते लिही.

आशीर्वाद उत्तरासाठी थांबत नाहीत, मी मात्र थांबले आहे.

तुझी
ताई


दि. १७ जानेवारी

ती. ताईस,

ढब्बूचा शि. सा. न. वि. वि.

डोळे ठीक आहेत. उजव्या डोळ्याला ऊन सोसत नाही, पण तेवढं चालायचंच. दुखतंय ते दुसरंच आहे, आणि ते पोटात ठेवून तीन महिने झाले.

ताई, मी अकरा जणांना बाहेर आणलं हे खरं. बारावा मागच्या कोठीत पिंपांच्या आड पडलेला सापडला. त्याच्या बगलेत हात घातले एवढं आठवतं, पुढचं काही आठवत नाही, कारण मीच तिथे कोसळलो. आम्हा दोघांना बाहेर काढलं ते वाहतुकीच्या एका शिपाई मुलीने. तिची शिट्टी दोन चौक पलीकडे ऐकू जाते म्हणून आम्ही सगळे तिला शिट्टीच म्हणतो. अंगाने म्हणशील तर फुंकर मारली तर उडेल अशी. तोंडाला ओलं कापड बांधून, जमिनीला पोट लावून ती दोनदा आत आली. आधी मला ओढून नेलं, मग त्याला. आणखी चार मिनिटं आत राहिला असतात तर आम्हाला काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मग तिचं नाव कुठेच का नाही, तर ऐक. चौकात दोन शिपाई असतात. त्यांची जुनी पद्धत अशी, की एक दिवस एकाने आणि एक दिवस दुसऱ्याने अर्धा तास आधी निघायचं, आणि मागे राहिलेल्याने पाच वाजता हजेरीच्या वहीत दोघांच्याही सह्या करायच्या. साहेबांना हे ठाऊक नाही असं नाही, पण कागदावर आलं की ठाऊक असल्यासारखं वागावं लागतं. त्या दिवशी निघायची पाळी तिची होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि सांभाळणारी शेजारीण पाचला निघून जाते. गणवेशावर साधा सदरा चढवून ती कारखान्यावरून घरी चालली होती, आणि तोंडाला कापड असल्याने तिथल्या गर्दीत तिला कोणी ओळखलं नाही. वही म्हणते की पाचपर्यंत ती चौकात उभी होती. मग पावणेपाचला ती कारखान्यात कशी? तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. खोटी सही उघडी पडली तर घरी बसावं लागेल.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात येऊन तिने हे सगळं सांगितलं आणि नाव घेऊ नका म्हणून विनवलं. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. कारकून अहवाल लिहून घ्यायला आला, बाराव्याला कोणी आणलं असं त्याने विचारलं, आणि मी म्हणालो, मीच. जिने जीव वाचवला तिच्यासाठी एवढं खोटं बोललो तर काय बिघडलं, असं वाटलं. पदकाचं तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आता मी आयत्या बिळावरचा नागोबा झालो आहे. खरं सांगावं तर तिची नोकरी जाते, आणि गप्प बसावं तर तिचं काम मी स्वतःच्या छातीवर लावून मिरवायचं. मला काही सुचत नाही.

हवी तेवढी रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


दि. २२ जानेवारी

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

तुझं पत्र वाचून मी दुकान दुपारीच बंद केलं. आधी सांग, ती मुलगी काटकुळी, सावळी, हातात थर्मास घेऊन तुझ्या खाटेजवळ बसलेली होती का? कारण तिला मीच उठवलं. भेटीची वेळ संपली आहे, माझ्या भावाला विश्रांती हवी आहे, लोकांनी जरा समजून घ्यावं, असंही वर ऐकवलं. ती थर्मास ठेवून निघून गेली. जिचे पाय धरायचे तिला मी दार दाखवलं. ढब्बू, मला फार लाज वाटते आहे, आणि हे लिहितानाही डोळ्याला पाणी लागलं आहे.

आता तुझ्याकडे वळते. तू मनाने चांगला आहेस, पण चुकलास. तिने तुला जगात ठेवलं आणि तू तिला कागदावरून पुसून टाकलंस. उपकार फेडायची ही कुठली तऱ्हा? तरी साहेबांकडे धावत जाऊन तिचं नाव सांग, असं मी म्हणणार नाही. नोकरी तिची आहे, आई तिची आहे, निर्णयही तिचाच. पण घाबरलेल्या पोरीने इस्पितळात एकदा जे सांगितलं ते अजून तसंच आहे का, हे तिला विचारलंस कधी? तीन महिने स्वतःशीच कुढत बसलास. लहानपणीही काच फोडलीस की माळ्यावर जाऊन बसायचास.

सोबतचं पाकीट तिला दे. उघडून वाचलंस तर कान उपटीन, मग हवालदार असशील तुझ्या ठाण्यात.

रागावले आहे, पण तो राग पत्रासोबतच संपला असं समज.

तुझी
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईंना,

शिट्टीचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मला उठवलंत म्हणून तुम्ही दोनदा माफी मागितली आहे. ताई, मी रोज हजार माणसांना थांबवते आणि हजारांना हाकलते, आणि आजवर एकाचीही माफी मागितलेली नाही. शिवाय तुम्ही नियमाप्रमाणेच बोललात. थर्मासमधलं सूप त्यांना मिळालं ना, तेवढं पुरे.

हवालदारसाहेबांनी पाकीट देताना विचारलं, की अजूनही नाव नकोच आहे का. मी बघते म्हणाले आणि आठ दिवस काहीच बघितलं नाही. मग तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. कारखान्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं, खोकला सर्दीचा म्हणून खपवला होता. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, तू माझ्यासाठी लवकर निघत होतीस हे लपवायचं असेल, तर तुला माझं ओझं झालं आहे असं मी समजेन.

सोमवारी जाऊन साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. काय बोलायचं ते घोकत होते, तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला हवालदारसाहेब येऊन बसले. त्यांनी विचारलं कशाला आलीस. मी म्हटलं रजेचा अर्ज. मी विचारलं आपण कशाला. ते म्हणाले निवृत्तीचे कागद. मग दोघंही समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. आतून दोघांना एकदमच बोलावलं, आणि आत जाऊन दोघंही एकदमच बोलायला लागलो. साहेबांनी टेबलावर हात आपटला. तेव्हा कळलं की हवालदारसाहेब पदक नाकारायला आले होते, आणि तेही माझं नाव न घेता. मी माझं नाव सांगायलाच आले होते, त्यामुळे त्यांचा सगळा बेत तिथेच फसला. साहेबांनी सगळं लेखी घेतलं आणि चौकशी होईल म्हणून सांगितलं. मी निघाले तेव्हा मात्र, सरपटत जायचं कोणी शिकवलं, असं विचारलं. कोणी नाही म्हटलं. वर डोळे जळत होते, खाली जरा कमी जळत होते, एवढंच.

चौकशी चालू आहे. माझा जोडीदार माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं खरं आहे, सह्या त्याने केल्या होत्या. पुढे काय होईल माहीत नाही. पण ताई, आता हवालदारसाहेब चौकातून जातात तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागत नाही.

पत्रात तुम्ही मला पोरी म्हटलंत. ते बंद करू नये, एवढीच विनंती.

आपली
शिट्टी


दि. २६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. शिट्टीची नोकरी राहिली. सेवापुस्तकात शेरा आला आणि कायम व्हायला एक वर्ष आणखी लागेल, पण राहिली. जोडीदारालाही शेरा. आता सगळ्याच चौकांत दोघं दोघं पाचपर्यंत उभे असतात आणि तिच्याकडे खाऊ की गिळू असं बघतात. ती आणखी जोरात शिट्टी वाजवते.

आणि पदक तिला मिळतंय. कामाची वेळ नसतानाचं शौर्य असं त्यात धरलं आहे. खरं तर वेळ होती, पण त्याबद्दलचा शेरा आधीच्या पानावर आहे, तेव्हा दोन्ही बाजू जमल्या. माझं नाव काढलं. खोटा अहवाल देणाऱ्याला पदक देता येत नाही. साहेबांनी वर दोनदा लिहून पाहिलं, पण नियम तो नियम. मला काहीच वाटलं नाही असं लिहिलं तर तोही खोटा अहवाल होईल. एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात नीट बघता आलं, तेव्हा बरं वाटलं.

आता तुझं काम. समारंभात पदक मिळणाऱ्याच्या घरचं एक माणूस पुढच्या रांगेत बसवतात. तिच्या आईला खाटेवरून हलवता येत नाही. तिने अर्जात तुझं नाव घातलं आणि नात्याच्या रकान्यात ‘ताई’ लिहिलं, मला विचारलंही नाही. मी त्या दिवशी फाटकावर बंदोबस्ताला आहे, त्यामुळे आतलं काही दिसणार नाही. तू नीट बघ आणि मला कळव.

येशीलच, तरीही ये म्हणतो.

तुझा
ढब्बू


दि. १२ एप्रिल

चि. ढब्बूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फाटकावर तू सख्ख्या बहिणीचा पास दोन्ही बाजूंनी तपासलास आणि पिशवी उघडून दाखवायला लावलीस. मागच्या बाईने मला सहानुभूतीने विचारलं, की हा माणूस नेहमीच असा असतो का. मी सांगितलं, लहानपणापासून.

आता आतलं लिहिते. बिनतारी यंत्रावर चोवीस वर्षं बसलेल्या एका बाईंना सेवेचं पदक मिळालं. त्यांना रात्रंदिवस लोक ऐकत आले, पण पाहिलं कोणी नव्हतं, म्हणून सगळं सभागृह माना उंचावून त्यांना बघत होतं. मग आपल्या पोरीचं नाव पुकारलं. तिथे रीत अशी, की नाव पुकारलं की घरच्या माणसानेही उभं राहायचं. मी उभी राहिले. एक अधिकारी अगदी सपाट आवाजात, यादी वाचावी तसं वाचत होते, की अकरा कामगारांना सुखरूप बाहेर काढून बाराव्यासाठी आत गेलेले हवालदार बेशुद्ध पडले, त्यांचा श्वास मंदावला होता, आणि या शिपायाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्यांना व त्या कामगाराला बाहेर आणलं.

ढब्बू, जानेवारीपासून मला हे सगळं ठाऊक होतं. पण इतके दिवस माझ्या डोक्यात सही होती, अहवाल होता, खरं कोण आणि खोटं कोण हे होतं. तू तिथे जमिनीवर पडला होतास आणि तुझा श्वास मंदावला होता, हे मला काल पहिल्यांदा ऐकू आलं. बसायची परवानगी नव्हती, म्हणून शेजारच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

ती खाली आली आणि पदकाची डबी तिने माझ्या हातात दिली. तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. डबी मी उघडली नाही. ती आधी तिच्या आईने उघडायची असं मी ठरवलं, आणि तिथून आम्ही दोघी थेट तिच्या घरी गेलो.

एक राहिलंच. शेवटी तुमचे साहेब पुढच्या रांगेतून प्रत्येकाची विचारपूस करत आले. कोणी आई होती, कोणी नवरा, कोणी मुलगा. माझ्यापुढे येऊन त्यांनी विचारलं, आपण या मुलीच्या कोण. अर्जातलं नातं सांगायचं मी मनाशी ठरवून आले होते, पण त्या वेळी ते आठवलंच नाही. तिने ज्या दोघांना बाहेर आणलं, त्यातला एक माझा, एवढंच मी त्यांना सांगितलं.

डोळ्यांची काळजी घे.

तुझी आणि आता तिचीही
ताई