आईंच्या नावावर माझं रक्त

अहो, बूट काढायच्या आधी हे वाचा.

मिलिंदभाऊजी आईंना घेऊन सकाळीच नांदेडला गेलेत, हृदयाच्या एमआरआयला. बाराला नंबर हाय. हृदय फोटोत नीट दिसावं म्हणून शिरेतून एक औषध सोडणार हायेत. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून आधी किडनीसाठी रक्त तपासायला लावलं होतं.

ते रक्त आईंचं न्हाई, माझं हाय.

आईंना सुईचं लय भेव वाटतं. लॅबमधी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा माझा हात धरून बसल्या, उठेचनात. मग मीच खुर्चीवर जाऊन बसले. गर्दीत कुणी विचारलं न्हाई. रिपोर्ट चांगला आला, मी गप राहिले. आज घरी राहिलेली संमतीपत्राची झेरॉक्स वाचली. किडनी कमजोर असेल तर आधी सांगा, असं लिहिलंय. महिनाभर आईंचे पाय सुजायलेत, तुमाला ठाऊक हाय.

भाऊजींचा फोन बंद लागायलाय, तुमचा तर ड्युटीवर बंदच असतो, पण तुमी अकरापर्यंत घरी याल. दवाखान्यात कुणी उचलंना. मी साडेदहाला स्टेशनवर निघाले. गाडीत रेंज जाते, म्हणून तुमीबी दवाखान्यात फोन लावत राहा, नंबर या चिठ्ठीसोबतच्या झेरॉक्सवर खाली हाय. एवढंच सांगा, इंजेक्शन देऊ नका, रक्त परत तपासा.

आईंना काही बोलू नका. मला बोला.

लॅबमधून निघताना त्या म्हणल्या, "सासूचं काय अन् सुनेचं काय, एकाच घरचं रक्त." मग आमी दोघी हसत उसाचा रस प्यायला बसलो.

संघप्रिया