तीस सेकंद न हलता

१५ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ९.
कॅमेरा आला. ट्रायपॉड, माहितीपुस्तिका, सगळं. आजपासून रात्रीच्या आकाशाचे फोटो. शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं, तेवढा वेळ कॅमेरा हलू द्यायचा नाही. बस. आठवड्यात जमेल. तलासरीच्या कचेरीत चौदा वर्षं एका खुर्चीत बसलेल्या माणसाला स्थिर कसं राहायचं हे कोण शिकवणार?
निलम हर्षदाला घेऊन दिवाळीला माहेरी गेलीय, नाशिकला. घर शांत. मला एकांत मानवतो. त्या दोघी येतील तेव्हा हॉलमध्ये मृग नक्षत्राचा मोठा फोटो लावलेला असेल.

१६ नोव्हेंबर.
डहाणू, आमची गच्ची. बारा फोटो, बाराही हललेले. बटण दाबताना हात थरथरतो, असं पुस्तिका म्हणते. माझा हात थरथरत नाही. मालगाडी गेली, बिल्डिंग हलली.
खालच्या दक्षाबेन पापड वाळत घातलेले काढायला वर आल्या. भाभी कधी येणार, म्हणाल्या. म्हटलं, रविवारी. आज रविवारच आहे, हे त्या गेल्यावर लक्षात आलं.

२० नोव्हेंबर, अमावास्या.
समुद्रकिनारा. अंधार फर्स्टक्लास. ट्रायपॉडचा एक पाय सावकाश वाळूत रुतत गेला. एकेक तारा गांडुळासारखा आलाय. यात कला आहे, पण सगळ्यांना कळणार नाही. निलमला पाठवला नाही.
घरी येऊन भात लावला. तिघांचा लागला. सवय.

३ डिसेंबर. रात्री.
निलमचा फोन! आठ मिनिटं! हर्षदाच्या शाळेतून दाखला काढून पाठव म्हणाली. कसला, विचारलं. शाळा सोडल्याचा. तिकडे कुठल्यातरी स्पर्धेला लागत असेल. मी खोलात शिरलो नाही.
नीट जेवतोस ना, असंही विचारलं. याचा अर्थ उघड आहे. फोटोंचं सांगणार होतो, तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी झाली.

१३ डिसेंबर, शनिवार.
उधवा. शुक्राचं खळं. शुक्रा शेतकरी, मागे सातबाऱ्यासाठी कचेरीत आला होता, तेव्हाची ओळख. आकाश काय सांगू! पण वारा. ट्रायपॉड डुगडुगला, मी त्याला धरलं, मग दोघं डुगडुगलो.
साहेब, तारे काय उद्या नाहीत? एवढी घाई कसली? शुक्राने विचारलं. म्हटलं, घरचे यायच्या आत व्हायला पाहिजे. कधी येणार घरचे? मी लेन्स पुसत बसलो.
त्याची बायको बारकी आतून भाताची अर्धी गोणी घेऊन आली. हे टांगा त्याच्या पोटाला, म्हणाली. टांगली. तिपाई गप्प झाली. पुस्तिकेत हेच दिलंय, पान चाळीस. मी अजून एकोणीसवर आहे.

१९ डिसेंबर.
दाखला स्पीड पोस्टने पाठवला. शाळेतल्या क्लार्कने विचारलं, बदली झाली का? हो म्हटलं. कोणाची ते त्याने विचारलं नाही.

२० डिसेंबर. पहाटे १.
उधव्याहून आत्ता आलो. आज नवी कल्पना: फोटोत माणसं. चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात बाजेवर शुक्रा, बारकी, मध्ये मी. टायमर लावला. दोघांना बजावलं, तीस सेकंद हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही.
शटर उघडलं. ओठही न हलवता बारकीने विचारलं, पोरगी कितवीत? पाचवीत, म्हटलं. कुठल्या शाळेत?
मग मी बहुधा रुमाल शोधला. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. फार तर दोन सेकंद. फोटोला काही फरक पडत नाही.
निघताना बारकीने भाकरी बांधून दिली. शुक्रा म्हणाला, फोटो नसला काढायचा तरी या.

२१ डिसेंबर, रविवार.
कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. जमला! तारे टाचणीच्या टोकासारखे. मृग अख्खं. शुक्रा आणि बारकी दगडात कोरल्यासारखे. मध्ये माझ्या जागी एक पांढुरका पट्टा. त्यातून मागची भिंत दिसते.
तरी निलमला पाठवला. लगेच उत्तर आलं. छान आलाय. मधे तो धूर कसला?
लिहिलं, चुलीचा.