कसोटीची खुर्ची

प्रिय ताई,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. तुझ्यासाठी बघितलेला हा कॅमेरा मंद उजेडात चेहरा नीट ओळखत नाही, डोळ्यांऐवजी भलतीकडेच फोकस धरतो, तेव्हा घ्यायची घाई करू नकोस, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे, आणि चूक कॅमेऱ्याची नाही, माझी आहे. ही चाचणी ‘समोरच्या दुकानात दिवसभर उभी असते अशा एकीवर’ केली, असंही मी लिहिलं होतं. ती समोरच्या शिंप्याच्या काचेमागची पुतळी आहे. तिच्या एका डोळ्याचा रंग उडालाय आणि दुसरा शिंप्यानं स्वतःच रंगवलाय, तो पार भुवईला जाऊन चिकटलाय. कॅमेऱ्यानं तिला पाहिलं आणि कॉलरच्या बटणावर फोकस धरला. त्याचं काही चुकलं नाही. तिथे चेहरा नव्हताच. माझ्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण वाक्य खोटं होतं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते मला टोचतंय.

पुतळीवर का केली, हे तू विचारणार नाहीस, कारण तू फक्त कॅमेऱ्याबद्दलच विचारतेस. तरी सांगते. माझ्याकडे चेहरा नव्हता. मी काम करते त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात दिवसभर माणसं येतात, बिघडलेले कॅमेरे काउंटरवर ठेवतात, पावती घेतात आणि जातात. ‘जरा इथे बस, तुझा एक फोटो काढते’ असं जिला म्हणता येईल अशी कोणी मी या शहरात अजून जोडलेली नाही. हे रडगाणं नाही. चाचणी कुठल्या परिस्थितीत झाली ते नोंदवायला हवं, असं बाबांनीच आपल्याला शिकवलंय ना.

चार वर्षांनी तुझं पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं, तेव्हा भिंगकाकांनी ते ट्यूबलाइटकडे धरून पाहिलं. हे आमच्याकडे दुरुस्तीला बसतात, डोळ्यावरचं भिंग डबा खातानाही काढत नाहीत, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. “काय गं, नोटीस की प्रेमपत्र?” मी म्हटलं, बहिणीचं आहे. आत दोनच ओळी होत्या. रोजचे फोटो काढायला एक छोटा, साधा कॅमेरा सुचव. भारी फोटो नकोत, रोजचे हवेत. खाली तुझा पत्ता. कशी आहेस नाही, बाबा कसे आहेत नाही. भिंगकाका म्हणाले, “तिच्या घराजवळ कॅमेऱ्याची दुकानं नाहीत वाटतं?” मी म्हटलं, तिचा माझ्यावर विश्वास आहे. “दिसतोय की,” ते म्हणाले, “चार वर्षं दम धरून बसली होती बिचारी.” मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण खरी भीती मला दुसरीच होती. तुला पूर्ण उत्तर मिळालं की तुझी पत्रं थांबतील. म्हणून मी एका पत्रात वजन लिहिलं, दुसऱ्यात बॅटरी, तिसऱ्यात चेहऱ्याचं ते भलतंसलतं. सगळं मिळून एका पानाचं काम होतं. आज ते पान पुरं करते.

तर ऐक. कॅमेरा मुठीएवढा आहे, सोबतची छोटी झूम लेन्स लावली तरी माझ्या डब्यापेक्षा हलका. रोज पिशवीत घालून कामावर नेला, खांदा दुखला नाही. डोळा लावून बघायची खिडकी त्याला नाही, सगळं मागच्या पडद्यावर बघायचं. उन्हात पडदा फिकट दिसतो, तेव्हा हाताची सावली करावी लागते. पडदा उलटा वळवला की स्वतःला बघता येतं. बॅटरी सकाळी भरली तर संध्याकाळी तिचा जीव जातो, पण मोबाइलच्याच वायरीवर चालते. बटणं बारीक आहेत, मेनूत शिरलं की माणूस हरवतो. मात्र सगळं ऑटोवर ठेवलंस तर मेनूची पायरी चढायची वेळच येणार नाही. सोबतची लेन्स उजेडाच्या बाबतीत जरा कंजूष आहे, आणि आपला हात हलला तर सावरून घेण्याची सोय कॅमेऱ्यात नाही. म्हणून खिडकी नसलेल्या खोलीत, एका दिव्यात काढायचं तर मोठ्या भोकाची एक छोटी लेन्स वेगळी हवी. ती मी बघून ठेवली आहे. आवाज पूर्ण बंद होतो, टिक् सुद्धा नाही. फक्त तेव्हा ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. साधा पिवळा दिवा असेल तर प्रश्न नाही. आत आरसा नाही, म्हणून हे शक्य आहे. बाबांच्या कॅमेऱ्यातला आरसा आठवतो? तो उडाला की खाड्‌कन आवाज व्हायचा आणि तू दर वेळी डोळे मिटायचीस. बाबा म्हणायचे, “हिचा चेहरा चांगला आहे, पण घरी कोणी नसतं.”

कसोटीची खुर्चीही तुला आठवत असेलच. स्टुडिओच्या उत्तरेच्या खिडकीशी ती ठेवलेली असायची. नवा कॅमेरा, नवी लेन्स, फिल्मचं नवं खोकं, काहीही आलं की आपल्याला हाक. डाव्या खांद्यावर पांढरा टॉवेल, उजव्या खांद्यावर काळं कापड, हातात आकडे लिहिलेली पाटी. पांढऱ्यातले धागे आणि काळ्यातल्या सुरकुत्या एकाच फोटोत दिसल्या की बाबा खूश. आपण दिसलो की नाही, ते नंतर. माझी छाती तेव्हा सारखी भरायची, म्हणून मला शाळेत उशिरा घातलं. तोवर माझी शाळा म्हणजे तू आणि ती खुर्ची. अक्षरं तू मला फिल्मच्या खोक्यांवरून शिकवलीस, आणि अपूर्णांक, उजेडाप्रमाणे शटर किती वेळ उघडायचं त्या आकड्यांवरून. शाळेत गेल्यावर बाईंनी साठावा भाग म्हणजे किती असं विचारलं, तर मी म्हटलं, बाहेर ढग असतील तेवढा. सगळा वर्ग हसला. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, “बरोबर आहे की. त्यांना बाहेर बघायला सांग.”

परवा बाबांशी फोनवर बोलताना विचारलं की आपल्या दोघींचे लहानपणीचे फोटो कुठे आहेत. ते म्हणाले, पत्र्याच्या पेटीत, तारखेप्रमाणे लावलेले. मी म्हटलं, ते चाचणीचे, आपले साधे कुठे आहेत? जेवतानाचे, भांडतानाचे, झोपलेले? ते म्हणाले, “फुकट फिल्म कोण घालवणार तेव्हा?” आणि मग इकडे ऊन कसं आहे ते विचारलं. त्यांनी स्टुडिओ बंद केलाय, हे तुला ठाऊक नसेल. दारावरची पाटी उतरवली, पण खुर्ची विकली नाही. तू घर सोडलंस त्या सकाळी ‘मला आता कसोटीला बसायचं नाही’ एवढंच म्हणाली होतीस. बाबांना वाटतं, तू खुर्चीबद्दल बोलत होतीस. मला वाटतं, तसं नव्हतं हे त्यांनाही कळलेलं आहे, पण खुर्चीबद्दल आहे असं धरून चालणं त्यांना सोपं जातं.

पुतळीचा घोटाळा लक्षात आल्यावर मी खऱ्या चेहऱ्याच्या मागे लागले. भिंगकाकांना विचारलं. ते म्हणाले, “माझा फोटो काढायचा तर आधी कॅमेऱ्याचा विमा उतरव.” तरी बसले. पण भिंग काढायला तयार होईनात, आणि कॅमेऱ्यानं बिनचूक त्यांच्या उघड्या डोळ्यावर फोकस धरला. मंद उजेडात, तिरप्या बाजूनं, मान हलवली तरीही. “बघ,” ते म्हणाले, “एक तरी यंत्र माझ्या डोळ्यात बघून बोलतं.” मग सुट्टीच्या दिवशी सकाळी मी माझ्या खोलीत खुर्ची खिडकीशी नेली. पांढरा टॉवेल होता. काळं कापड नव्हतं, म्हणून काळी छत्री उघडून तिचा एक कोपरा खांद्यावर घेतला. पाटी नव्हती, भाजी चिरायची फळी धरली. कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला, टायमर लावला आणि बसले. चेहरा लगेच सापडला. धागे दिसले, सुरकुत्या दिसल्या. चाचणी पास.

पण फोटो मोठा करून बघितला, तर मी खुर्चीत नीट बसलेलीच नव्हते. डाव्या अर्ध्या भागात, कडेला सरकून, अंग चोरून बसले होते. उजवी बाजू मोकळी. कॅमेरा सरळ होता, तो मी दोनदा तपासला. मग आठवलं, आपण दोघी एकदम बसायचो, आणि तू मोठी म्हणून उजवी बाजू तुझी. माझी छाती भरली की मी तुझ्या दंडावर डोकं टेकायचे, आणि बाबा ओरडायचे, हलू नका. इतक्या वर्षांत मी दुसऱ्या कुठल्या खुर्चीत अशी बसत असेन का, हे मला माहीत नाही. बघणारं कोणी नव्हतं. या कॅमेऱ्यात आता खूप फोटो आहेत. जिना, शटर ओढलेली दुकानं, बसमधली समोरची रिकामी सीट, माझा कप. रंग चांगले आहेत. माणूस मात्र एकाच फोटोत आहे, आणि तोही अर्ध्या खुर्चीत.

आता तुझ्या नंतरच्या पत्रांतल्या प्रश्नांबद्दल. ते मी कॅमेऱ्याचे प्रश्न म्हणूनच सोडवत बसले होते. एका हातानं धरून काढता येईल का? आवाज अगदी बंद होतो का? खिडकी नसलेल्या खोलीत चालेल का? मी आधी घाबरले. एक हात, आवाज नको, उजेड कमी, म्हणजे दवाखाना. तुझा हात मोडलाय इथपासून माझं मन कुठे कुठे जाऊन आलं ते लिहीत नाही. मग तू विचारलंस, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची कडी ओढली तर निघून येते का? आणि मी, शहाणी, कडीला पाण्याची भरलेली बादली टांगून बघितली आणि तुला कळवलं की बादलीला दाद देत नाही. गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आली. तिनं नवा कॅमेरा हातात घेतला, आणि लेन्स बघायच्या आधी पट्ट्याची कडी दोन बोटांनी ओढून पाहिली. खांद्यावर तिचं बाळ होतं, त्याची मूठ आधीच पट्ट्यावर होती आणि पट्टा तोंडात. भिंगकाका मला म्हणाले, “पाणी का आलं डोळ्यात? तुझा कॅमेरा आहे का तो?”

ताई, मी काही विचारत नाही. बाबांना काही सांगितलेलं नाही, आणि तू सांगेपर्यंत सांगणार नाही. माझा अंदाज चुकला असेल आणि तुझा हात खरंच मोडला असेल, तर भांडी घासून देईन. पण अंदाज बरोबर असेल, तर माझ्या तपासणीचा शेवटचा निकाल हा आहे: कॅमेरा चांगला आहे, मी तो आणि ती छोटी लेन्स घेऊन ठेवली आहे, पण त्याच्यात एक दोष आहे आणि तो कुठल्याही मेनूतून जात नाही. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत तू कधीच नसशील. बाळ असेल, रोजचं, साधं, झोपलेलं, रडणारं, आणि त्याची आई कुठेच नसेल. त्यासाठी कॅमेरा दुसऱ्या कोणीतरी धरायला हवा. टॉवेल आणणार नाही, काळं कापड आणणार नाही, हलू नका म्हणणार नाही. तुला दार उघडायचं नसेल तर बॉक्स उंबऱ्यापाशी ठेवून दुपारच्या गाडीनं परत फिरेन, आणि त्याचा राग धरणार नाही, निदान प्रयत्न करेन. सकाळच्या पहिल्या गाडीचं तिकीट काढलं आहे. मी येते आहे, रविवारी, सतरा तारखेला.

तुझीच, खुर्चीच्या डाव्या बाजूची,
ठिपका