तीन नंबरचा कागद

११ जानेवारी २००६, बुधवार

ऑगस्टनंतर आज वही उघडते आहे. क्षमा कोणाची मागायची ते कळत नाही, पण मागते. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर वाचावं लागलं असतं.

वैजनाथ, माझा धाकटा दीर आणि छापखान्यातला भागीदार, दिवाळीपासून एकच धोशा लावून आहे. "वहिनी, फिल्मचे दिवस संपले." खोटं नाही. हिंजवडीच्या कंपन्या संध्याकाळी मेल करतात आणि सकाळी माहितीपत्रकं मागतात. आम्ही अजून फिल्म काढतो, जुळवून चिकटवतो, तिच्यावरून प्लेट उमटवतो, धुतो, वाळवतो. नवं सीटीपी यंत्र कॉम्प्युटरवरून थेट प्लेटच काढतं. मधलं सगळं जातं.

मधलं सगळं म्हणजे अय्युबभाई.

आज बकरी ईद, ते सुट्टीवर. म्हणून वैजनाथनं मापं घ्यायला माणूस आजच बोलावला. प्लेटच्या खोलीत यंत्र मावेल का, एसी कुठे, नळ कुठे. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. "आजच का?" असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

१२ जानेवारी

अय्युबभाई माझ्यासाठी खिरीचा डबा घेऊन आले. त्यांच्या बायकोनं, मेहजबीननं, वेगळ्या भांड्यात केलेली. दरवर्षी आणतात.

मग खोलीत गेले आणि तिथूनच म्हणाले, "वहिनी, माझं स्टूल कोणी हलवलं?"

"झाडताना हललं असेल."

"असेल. झाडणाऱ्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघाही मारल्यात."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. खीर खाल्ली. सगळी.

१५ जानेवारी, रविवार

या आठवड्यात दोन यंत्रं पाहून झाली. एक जांभळ्या लेझरचं. स्वस्त, पण त्याची प्लेट पिवळ्या दिव्यातच हाताळायची. बिघडलं तर इंजिनिअर मुंबईहून येणार. दुसरं थर्मल. महाग, पण साध्या उजेडात चालतं, आणि इंजिनिअर कोथरूडला राहतो, आमच्या घरापासून दोन गल्ल्या. गुरुवारी दिवसभर वीज नसते, तेव्हा जनरेटरवर यंत्र रुसेल का, प्लेट धुण्याचं रसायन किती दिवसांनी बदलायचं, बिघाडाचा फोन केल्यावर किती तासांत माणूस येईल, सगळं दोनदा विचारलं. विक्रेता वैजनाथला हळूच म्हणाला, "मॅडम फारच बारीक विचारतात." 

बारीक बघायला मी शिकले कोणाकडून? हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा केमिस्ट्रीतली बी.एस्सी. असूनही प्लेटची कुठली बाजू वर ते मला कळत नव्हतं. भिंग कागदावर कसं टेकवायचं, छपाईचा ठिपका पूर्ण आहे की कडेनं तुटलाय हे कसं ओळखायचं, ते अय्युबभाईंनी शिकवलं. "आधी पांढऱ्याकडे बघा वहिनी. काळं कोणीही छापतं." म्हणजे चेहऱ्यावरचा उजेड, रेशमाची चमक, जिथे ठिपके इतके लहान असतात की आधी तेच गळतात.

दोन्ही कंपन्यांच्या प्लेटांवर मी तेच बघितलं. आधी पांढरं. त्यांच्याच नजरेनं त्यांच्या जागेवर यंत्र निवडलं.

२० जानेवारी

ऑर्डरवर सही केली. थर्मल. अय्युबभाईंना सांगितलेलं नाही.

२२ जानेवारी, रविवार

आज छापखान्यात एकटी गेले आणि एक काम केलं.

डिसेंबरमध्ये आम्ही पैठणीचा कॅटलॉग छापला, प्लेटा अय्युबभाईंच्या. तोच मजकूर दोन्ही कंपन्यांना देऊन त्यांच्या प्लेटा मागवल्या होत्या आणि आमच्याच मशीनवर छापून पाहिल्या होत्या. त्यातला एकेक कागद घेतला. एक नंबर जांभळं लेझर, दोन नंबर थर्मल, तीन नंबर अय्युबभाई. नाव न सांगता त्यांनाच विचारायचं, कोणता चांगला.

मशीन कागदाला ज्या कडेनं चिमटीत धरतं तिला आम्ही ग्रिपर म्हणतो. नंतर ती कापूनच टाकतात. अय्युबभाई आपल्या प्रत्येक प्लेटवर त्या कडेला सुईनं एक तिरकी रेघ आणि एक टिंब काढतात. सव्वीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकानं ती खूण पाहिलेली नाही. मी कटरवर तिन्ही कागदांच्या कडा कापल्या.

नि:पक्षपातीपणासाठी, असं स्वतःला सांगितलं. सही आधी आणि परीक्षा नंतर, याला नि:पक्षपाती म्हणतात का? त्यांच्याच तोंडून यंत्राचं नाव यावं, म्हणजे मला झोप लागावी. एवढंच.

२३ जानेवारी

"अय्युबभाई, हे तीन कागद जरा बघता? नवीन नमुने आलेत."

त्यांनी बोटांत धरून पाहिले. "कागदाचं म्हणाल तर तिन्ही एकाच रिमचे आहेत. छपाई बघायची असेल तर तसं सांगा."

"बरं, छपाई बघा."

खिडकीशी नेले. एकेकावर भिंग ठेवलं. फार वेळ लावला, विशेषतः तिसऱ्यावर. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "दोन नंबर. स्वच्छ आहे. एकचं ठीक."

"आणि तीन?"

"तीनमध्ये बाईच्या गालावर, कानाजवळ, ठिपके गळलेत. करणाऱ्याची नजर गेली आहे. त्याला आता घरी बसवा."

त्यांनी कागद नीट जुळवून परत दिले. आणि खोलीत जाऊन प्लेट धुवायला लागले.

२४ जानेवारी

वैजनाथला निकाल सांगितला. "बघा! तो स्वतःच म्हणतोय." 

"तो नाही, ते," मी म्हटलं. एवढंच काय ते मला जमलं.

२ फेब्रुवारी

आज त्यांनी आपणहून विषय काढला. "मार्चअखेर मला मोकळं करा, वहिनी. डोळ्यांचं काही खरं नाही. मेहजबीनही ओरडते." 

नवीन यंत्र येतंय, हे तेव्हा सांगितलं. म्हणाले, "चांगलं घेतलंत ना? नुसतं स्वस्त बघून नाही ना?"

कंपनी आपल्या खर्चानं आमच्या एका माणसाला आठ दिवस यंत्र शिकवणार आहे. तिथे त्यांचं नाव द्यायचं माझ्या मनात होतं. खरंच होतं. वैजनाथशी त्यावरून भांडायची तयारीही केली होती. पण नजरच गेली म्हटल्यावर कसं देणार? फॉर्मवर नावाची जागा कोरी ठेवली, विचार करून कळवते असं कंपनीला सांगितलं.

आणि हेही लिहिलंच पाहिजे, नाहीतर वही उघडायची कशाला: ते सोडतो म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. भांडण टळलं, सांगणं टळलं. घरी येऊन पोटभर जेवले.

६ फेब्रुवारी

निरोपाला शाल घ्यायची की घड्याळ, यावर वैजनाथ आणि मी अर्धा तास बोललो. अर्धा तास!

११ फेब्रुवारी, शनिवार

पैठणीवाल्याला कॅटलॉग पुन्हा छापून हवा आहे, म्हणून डिसेंबरचा गठ्ठा सोडला. न कापलेले कागद, कडेला ती तिरकी रेघ आणि टिंब. सवयीनं भिंग ठेवलं. आधी पांढरं. बाईचा गाल, कानाजवळ.

ठिपके सगळे जागेवर आहेत.

दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला, दहा घेतले. ड्रॉवरमधून तो कापलेला तीन नंबर काढला. त्यातही एक ठिपका गळलेला नाही. शेजारी दोन नंबर ठेवला. कानाजवळ तीनच उजवा आहे.

त्या दिवशी मी भिंग लावलंच नव्हतं. हवा तो निकाल मिळाला होता.

खोली मोजलेली त्यांना माहीत होती. तपासायला कड कापलेला कागद कोणी देत नाही, कापली ती त्यांची खूण लपवायलाच, हेही. सव्वीस वर्षांत छपाईबद्दल ते एकदाच खोटं बोलले, आणि ते माझ्यासाठी.

उद्या: न कापलेला तीन नंबर आणि प्रशिक्षणाचा कोरा फॉर्म घेऊन खडकीला, अय्युबभाईंच्या घरी जाणे.