नाही म्हणणाऱ्यांनी मैदानावर जावे

३ फेब्रुवारी

पाचवीच्या वर्गाला नियम समजावला. माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची सक्ती नाही. नाही म्हणणाऱ्याला शिक्षा नाही, त्याचा एक शब्दही मी कुठे वापरणार नाही. ही विद्यापीठाच्या समितीची अट. तेवढा तास त्याने मैदानावर खेळावं — ही मात्र माझी कल्पना. किती उदार वाटलं मला!

विषय : गृहपाठ टाळायला मुलं कसल्या थापा मारतात. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. महिनाअखेर दिलं नाही तर नोंदणी रद्द. मुदतवाढ आता नाही.

४ फेब्रुवारी

सगळा वर्ग मैदानावर. वर्गात मी आणि पंखा.

५ फेब्रुवारी

आजही तेच. मुख्याध्यापिकाबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. "अहो, संशोधन चाललंय की सहल?" मग उपायही सुचवला — "मैदान बंद करा. नाही म्हणेल त्याला अपूर्णांकांची गणितं द्या. बघा कसे सुतासारखे सरळ होतात!"

मी नको म्हणाले. घरी येऊन मार्गदर्शकांना फोन केला. "गणित ही काय शिक्षा आहे का?" म्हणाले. युक्तिवाद बिनतोड. मला हवा होता तसाच.

६ फेब्रुवारी

फळ्यावर गणितं लिहिली. भराभर होकार! एकच मुलगी नाही म्हणाली. चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. वर्ग तिला आजीबाई म्हणतो. शेवटच्या बाकावर बसून मुकाट गणितं करत होती.

बाकीच्यांची उत्तरं आत्ता वाचली. "मला गृहपाठ फार आवडतो." "थापा मारणे ही वाईट सवय आहे." एकाने तर शाळेचं नाव उज्ज्वल करायचं ठरवलंय. थापाच सगळ्या — पण मलाच मारलेल्या!

७ फेब्रुवारी

आजीबाईला विचारलं, "तुला गणितं आवडतात का गं?"

"शी! अजिबात नाही."

"मग?"

"ताई, शिक्षा नाही म्हणाला होतात ना तुम्ही?"

"शिक्षा कुठाय? गणितं तर आहेत."

तिने चष्मा वर सरकवला. "आमच्या बाई पण असंच म्हणतात."

वर्गात हशा. मीही हसले. मग एकटीच हसत राहिले, ते फार वाईट दिसलं असणार. फळा पुसला. कालचे कागद ज्याचे त्याला परत दिले. गणितं घातली ती माझी चूक, म्हटलं. आता पुन्हा विचारते — उत्तरं की मैदान?

दारात चेंगराचेंगरी. आजीबाई सगळ्यांत पुढे.

८ फेब्रुवारी

आज त्यांनी मलाही खेळायला घेतलं. दमून भिंतीच्या सावलीत बसलो, तर पोरं आपणहून सांगत सुटली. एकापेक्षा एक थापा! कुणी कशी मारली, कशी पचली, कुठे अंगाशी आली. अख्खं प्रकरण माझ्यासमोर घाम पुसत बसलं होतं.

वापरता येणार नाही. नाही म्हणालीत ती.

इथेही लिहीत नाही.